मोजक्यात मावणारं फलन

कागदावर एक वर्तुळ काढा आणि त्याच्या परिघावर बिंदू घेत चला. एकच बिंदू असेल तर जोडायला काही नाही, वर्तुळाचा भाग एकच राहतो. दोन बिंदू जोडले की भाग २ होतात. ३ बिंदू एकमेकांशी जोडले की ४, ४ बिंदूंना ८, ५ बिंदूंना १६. इथवर आल्यावर ६ बिंदूंना किती भाग होतील असं कुणालाही विचारा, बहुतेक जण ३२ म्हणतील. आता पेन्सिलीला टोक काढा, तीन जीवा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत असे ६ बिंदू निवडा, सगळ्या जोड्या जोडा आणि भाग मोजा. ते ३१ भरतात. पुन्हा मोजले तरी ३१च. ७ बिंदूंना ५७.

या सात आकड्यांत या पुस्तकाचा बराचसा विषय आहे. ते एका ओळीत मांडा, शेजारशेजारच्या आकड्यांतला फरक खालच्या ओळीत लिहा, आणि त्या फरकांमधला फरक त्याच्याही खाली:

१, २, ४, ८, १६, ३१, ५७
१, २, ४, ८, १५, २६
१, २, ४, ७, ११
१, २, ३, ४
१, १, १

चार वेळा वजाबाकी केल्यावर सगळीकडे १ आला आणि हिशेब थांबला. आता खरोखरच दुप्पट होत जाणारी ओळ घ्या: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. तिचे फरक १, २, ४, ८, १६, ३२. त्यांचे फरक पुन्हा तेच. कितीही ओळी खाली उतरलात तरी तोच क्रम समोर येत राहतो, वजाबाकी संपतच नाही. पहिली ओळ बहुपदी फलनाची आहे, दुसरी घातांकी फलनाची. पहिली पाच पावलं दोघी बरोबर चालल्या आणि सहाव्या पावलाला वेगळ्या झाल्या. १० बिंदूंपाशी पहिली २५६ वर असते आणि दुसरी ५१२ वर.

शेवटच्या ओळीत तीन एकके आली म्हणून पुढेही एककेच येतील, असं मात्र आकड्यांकडे बघून म्हणता येत नाही. बत्तीसच्या बाबतीत आपण तेच करून बसलो होतो. कारण शोधायला हवं, आणि ते सुंदर आहे. वर्तुळात एक नवी जीवा ओढली की एक भाग वाढतो, आणि वाटेत ती जितक्या जुन्या जीवांना छेदते तितके आणखी भाग वाढतात. म्हणून एकूण भाग म्हणजे १, अधिक सगळ्या जीवा, अधिक सगळे छेदनबिंदू. बिंदू क्ष असतील तर जीवा क्ष(क्ष − १)/२. परिघावरचे कोणतेही चार बिंदू घेतले की आत नेमका एक छेदनबिंदू मिळतो, म्हणून छेदनबिंदू क्ष(क्ष − १)(क्ष − २)(क्ष − ३)/२४. सहा बिंदूंना १ + १५ + १५, म्हणजे ३१. सूत्रात क्षचा सर्वांत मोठा घात चौथा आहे, म्हणूनच चौथ्या वजाबाकीला आकडे स्थिरावले. बहुपदीची कोटी जितकी, तितक्या वजाबाक्यांनंतर फरक स्थिर होतो, आणि हे प्रत्येक बहुपदीच्या बाबतीत खरं आहे. मात्र क्षच्या किमती समान अंतरावर घेतलेल्या हव्यात.

आपल्याकडे बहुपदीची पहिली भेट शाळेच्या बीजगणितात होते. व्याख्या फळ्यावर येते: ज्या बैजिक राशीत चलाचे घातांक पूर्ण संख्या असतात ती बहुपदी. मग उदाहरणं येतात. ५क्ष² − ३क्ष + √२ ही बहुपदी आहे. √क्ष + १ नाही, कारण घातांक १/२. १/क्ष नाही, कारण घातांक −१. मुलं घातांक तपासायला शिकतात, बरोबर-चूक अशी खूण करतात, पैकीच्या पैकी गुणही मिळवतात. मात्र हा नियम असा का, हा प्रश्न त्या तासाला सहसा विचारला जात नाही. घातांक १/२ असला म्हणून असं काय बिघडतं? √२ चालतो आणि √क्ष चालत नाही, हे कसं?

माझ्या मते बहुपदी समजण्याची सुरुवात या प्रश्नापासून व्हायला हवी. उत्तर साधं आहे. बहुपदीची किंमत काढताना क्षवर दोनच क्रिया करायच्या असतात, बेरीज आणि गुणाकार, आणि त्याही मोजक्या वेळा. वजाबाकी म्हणजे ऋण संख्येची बेरीज, क्ष³ म्हणजे क्षला क्षने दोनदा गुणणं. सहगुणक हवा तो असू द्या, √२ असो, पाय असो की −७/३. ती एक ठरलेली संख्या आहे, तिच्याशी गुणायचं आणि पुढे जायचं. क्ष स्वतः वर्गमुळात गेला, छेदात गेला, घातांकाच्या जागी चढला, की बेरीज-गुणाकार पुरे पडत नाहीत. घातांक पूर्ण संख्या हवेत ही अट या मोजक्या क्रियांची खूण आहे. बहुपदीचे सगळे गुण आणि तिच्या सगळ्या मर्यादा या एकाच गोष्टीतून निघतात, हे या पुस्तकाचं म्हणणं आहे.

पहिला परिणाम लगेच दिसतो. बेरीज आणि गुणाकार कोणत्याही संख्येवर करता येतात, म्हणून बहुपदीला कोणतीही संख्या वर्ज्य नाही. १/क्ष मध्ये शून्य घालता येत नाही. वास्तव संख्यांपुरतं बोलायचं तर √क्ष मध्ये ऋण संख्या चालत नाहीत, आणि लॉगला शून्यही चालत नाही. टॅनचा आलेख ९० अंशांपाशी तुटतो. क्षच्या केवलमूल्याचा आलेख शून्यापाशी टोकदार कोपरा करतो. बहुपदीचा आलेख कुठे तुटत नाही, कुठे कोपरा करत नाही, आणि दोन्ही टोकांना एखाद्या आडव्या रेषेला बिलगून बसत नाही. स्थिर बहुपदी सोडली तर तो शेवटी वर तरी जातो नाही तर खाली तरी.

इथे एक सावधगिरी हवी. वरवरचं रूप फसवं असतं. √(क्ष⁴) मध्ये वर्गमुळाचं चिन्ह आहे, तरी ते क्ष² च आहे. उलट (क्ष² − १)/(क्ष − १) हे क्ष + १ सारखं दिसतं आणि जवळजवळ तसं आहेही, पण क्ष = १ ला त्याला किंमतच नाही; सरळ रेषेतला एक बिंदू गळालेला आहे. आणि कोसाइन? ते तर बहुपदी मुळीच नाही. तरी दुप्पट कोनाचा कोसाइन मूळ कोनाच्या कोसाइनमध्ये लिहिला तर २क्ष² − १ अशी स्वच्छ वर्ग बहुपदी मिळते, तिप्पट कोनाचा लिहिला तर ४क्ष³ − ३क्ष. अकरावीला ही सूत्रं पाठ केलेली असतात. कोनाच्या कोणत्याही पूर्ण पटीला अशी बहुपदी मिळते, आणि त्या सगळ्या रशियन गणिती चेबिशेव्ह यांच्या नावाने ओळखल्या जातात. म्हणून फलन बहुपदी आहे की नाही हे ठरवताना ते कसं लिहिलंय यावर थांबू नये, ते कसं वागतं हेही पाहावं.

बहुपदी नसलेल्या गोष्टीला बहुपदीत आणणं ही बीजगणितातली फार जुनी युक्ती आहे. तिचं एक उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या घराण्याची हकिकत सांगणारा शिलालेख आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. ‘लीलावती’तलं भुंग्यांचं उदाहरण बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीकडे गेलं, थव्याचे आठ नवमांश दुसरीकडे गेले, आणि एक भुंगा व एक भुंगी उरली; तर थवा किती? थवा क्ष धरला तर समीकरणात √(क्ष/२) येतं, आणि बहुपदी हातातून जाते. थवा २य² धरा. आता निम्म्याचं वर्गमूळ सरळ य होतं, आणि समीकरण आवरून २य² − ९य − १८ = ० असं उभं राहतं. य = ६ किंवा −३/२. ऋण मूळ टाकायचं, कारण थव्यातून उडून गेलेले भुंगे ऋण असू शकत नाहीत. थवा ७२. पडताळा घ्या: ३६ चं वर्गमूळ ६, बहात्तरचे आठ नवमांश ६४, आणि २.

त्या काळच्या बीजगणिताच्या लेखनपद्धतीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अव्यक्त राशीसाठी ‘या’, तिच्या वर्गासाठी ‘याव’, स्थिरपदासाठी ‘रू’ अशी आद्याक्षरं लिहीत आणि त्यांच्यापुढे सहगुणक मांडत. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक लिहिताना एखादा घात एका बाजूला नसेल तर तिथे शून्य लिहीत: याव ०, या १०, अशा तऱ्हेने. आज नववीतला विद्यार्थी बहुपदी सहगुणक रूपात लिहितो तेव्हा हेच करतो. क्ष³ − २क्ष + ५ चं सहगुणक रूप (१, ०, −२, ५). बहुपदीची सगळी माहिती या चार आकड्यांत आली. साइनचं किंवा २ च्या क्षव्या घाताचं असं मोजक्या आकड्यांचं सहगुणक रूप होऊ शकत नाही.

मोजक्या माहितीचा दुसरा परिणाम मुळांच्या बाबतीत दिसतो, आणि पुस्तकात मी त्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे. अवयव सिद्धांत सांगतो की क्ष = अ ला बहुपदीची किंमत शून्य झाली तर (क्ष − अ) हा तिचा अवयव असतो. तो बाहेर काढला की उरलेल्या बहुपदीची कोटी एकाने कमी होते. दुसरं मूळ सापडलं, आणखी एकाने कमी. कोटी ५ असेल तर पाचापेक्षा जास्त वेळा हे करता येणारच नाही. म्हणजे बहुपदीला शून्य करणारी मुळं तिच्या कोटीपेक्षा जास्त असू शकत नाहीत. आता साइनकडे बघा. ०, १८०, ३६०, ५४० अंश, दर १८० अंशांना ते शून्य होतं, आणि याला अंत नाही. कोणत्याही कोटीची बहुपदी इतक्या वेळा शून्य होऊ शकत नाही, सबब साइन बहुपदी नाही. दोन ओळींत सिद्धता संपली, आणि तिला कलनशास्त्राची गरजही पडली नाही. शाळेत हा युक्तिवाद सांगायला पाच मिनिटं लागतात. मुलांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं त्यासाठी ती पाच मिनिटं जरूर काढावीत.

याच सिद्धांताचा दुसरा चेहरा असा. समान कोटीच्या दोन बहुपदी कोटीपेक्षा एका जास्त ठिकाणी जुळल्या, तर त्या सगळीकडे जुळतात. कारण त्यांची वजाबाकी तितक्या ठिकाणी शून्य होते, आणि तितकी मुळं तिला परवडत नाहीत. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते हे आपण भूमितीत शिकतो. वेगवेगळ्या क्ष घेतलेल्या तीन बिंदूंतून दुसऱ्या कोटीपर्यंतची एकच बहुपदी जाते, चार बिंदूंतून तिसऱ्या कोटीपर्यंतची एकच. इतर फलनांची अशी हमी नाही. एखादं फलन नुसतं संतत आहे एवढंच ठाऊक असेल, तर हजार ठिकाणच्या किमती कळूनही हजार एकाव्या ठिकाणी ते काय करेल हे सांगता येत नाही.

या हमीवर आजचं केवढं जग उभं आहे! १९७९ मध्ये आदी शमीर यांनी गुपित वाटून ठेवण्याची एक पद्धत मांडली. समजा एका तिजोरीचा आकडा ७ आहे आणि तो अनेक भागीदारांत असा वाटायचा आहे की कोणत्याही तिघांनी मिळून तो काढावा, दोघांना मात्र तो कळू नये. ज्या वर्ग बहुपदीचं स्थिरपद ७ आहे अशी एक बहुपदी घ्या, समजा क्ष² + २क्ष + ७. पहिल्याला क्ष = १ ची किंमत १० द्या, दुसऱ्याला २ ची १५, तिसऱ्याला ३ ची २२, चौथ्याला ४ ची ३१. पहिले तिघे एकत्र आले की फरक काढतात: ५, ७. फरकाचा फरक २. कोटी २ आहे हे माहीत असल्यामुळे हा २ कायम राहणार. मग मागे चालत या: पाचाच्या आधीचा फरक ३, म्हणून दहाच्या आधीची किंमत ७. तिजोरी उघडली. दोघांकडेच आकडे असतील तर त्यांतून असंख्य वर्ग बहुपदी जातात आणि स्थिरपद काहीही असू शकतं. प्रत्यक्ष वापरात हे सगळं एका मर्यादित संख्याव्यवस्थेत करतात, म्हणजे अंदाज बांधायलाही जागा उरत नाही. कल्पना मात्र हीच.

तुमच्या भाजीवाल्याकडे पैसे देण्यासाठी जो क्यूआर कोड चिकटवलेला असतो, तो थोडासा फाटलेला किंवा हळदीच्या डागाने माखलेला असला तरी बहुधा चालतो. त्यामागे १९६० मध्ये अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी मांडलेली संकेतपद्धती आहे. संदेशातले आकडे एका बहुपदीत गुंफतात आणि गरजेपेक्षा जास्त माहिती सोबत छापतात. काही आकडे बिघडले तरी उरलेले आकडे बहुपदी कोणती होती हे सांगायला पुरतात. क्यूआर कोडच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के माहिती बिघडली तरी मूळ मजकूर परत मिळवता येतो. बहुपदीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या मुलाला हा कागद दाखवावा.

बहुपदी आणि घातांकी फलन यांच्यातला फरक आपल्या घरात चक्रवाढ व्याजाच्या रूपाने येतो. १०,००० रुपये ८ टक्के सरळव्याजाने ठेवले तर १० वर्षांनी १८,००० होतात आणि ३० वर्षांनी ३४,०००. ही वर्षांमधली रेषीय बहुपदी, दर वर्षी ८०० ची भर. तेच वार्षिक चक्रवाढीने १० वर्षांनी सुमारे २१,५८९ होतात आणि ३० वर्षांनी १,००,६२७. पहिल्या दशकाअखेर अंतर बेताचं, तिसऱ्या दशकाअखेर चक्रवाढीची रक्कम सरळव्याजाच्या जवळजवळ तिप्पट. पण गंमत पुढेच आहे. चक्रवाढीच्या सूत्रात (१ + दर) चा ‘वर्षे’ एवढा घात असतो. मुदत ३ वर्षे पक्की केली आणि दर बदलत ठेवला, तर तेच सूत्र दरामधली घन बहुपदी होतं. दर पक्का केला आणि वर्षं बदलत ठेवली, तर ते घातांकी फलन होतं. चल पायाशी आहे की घातांकाच्या जागी, एवढ्यानेच जात बदलते. सूत्र बघून घाईने निर्णय करू नये, चल कोणता हे आधी विचारावं, हे वर्गात सांगायला यासारखं उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही.

आणि शेवटी घातांकी फलनच पुढे जातं, बहुपदीची कोटी कितीही असू दे. क्षचा शंभरावा घात आणि २ चा क्षवा घात यांची शर्यत लावा. क्ष = १०० ला पहिल्याची किंमत म्हणजे १ वर २०० शून्यं, दुसऱ्याची जेमतेम ३१ अंकी. बहुपदी अवाढव्य पुढे आहे. क्ष ९९६ च्या आसपास आला की दोघं बरोबरीला येतात, आणि १००० ला २ चा घात दहापटीहून जास्त पुढे असतो. तिथून पुढे बहुपदी त्याला कधीच गाठत नाही. संगणकशास्त्रात एखादी रीत बहुपदी वेळात चालते की घातांकी वेळात, याला जे महत्त्व दिलं जातं ते यामुळे.

आता सर्वांत रसाळ भाग. बेरीज-गुणाकारात न मावणारी फलनं मग मोजायची कशी? साइनची किंमत काढायला तर माणसाकडेही आणि यंत्राकडेही शेवटी याच क्रिया आहेत. ४९९ च्या आर्यभटीयात ‘ज्यां’च्या (ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेला साइन) सारणीतले फरक दिले आहेत: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५ आणि असे शेवटी ७ पर्यंत २४ आकडे. त्रिज्या ३४३८, आणि कोन दर वेळी पावणेचार अंशांनी वाढतो. हे फरक झाले. त्यांच्यातले फरक काढले तर १, २, ३, ४, ५, ५, ६, ८ असे वाढत जाऊन शेवटी १५ वर येतात. ते स्थिर होत नाहीत. ज्या जशी वाढते त्याच प्रमाणात ते वाढतात, आणि पूर्णांकांत लिहिताना होणारी थोडी चूक सोडली तर हे प्रमाण शेवटपर्यंत टिकतं. आर्यभटांनी सारणीसाठी जो नियम दिला तो याच प्रमाणावर बेतलेला आहे. बहुपदीचा फरक शेवटी स्थिर संख्येपाशी थांबतो, दुपटीचा फरक दुपटीपाशी परत येतो, आणि ज्येच्या फरकाचा फरक, चिन्ह बदलून, ज्येपाशी परत येतो. तीन फलनांचे तीन स्वभाव एका वजाबाकीने उघडे पडतात.

सातव्या शतकात पहिल्या भास्कराने दुसरी वाट दाखवली. कोन अंशांत क्ष असेल तर ४क्ष(१८० − क्ष) ला ४०५०० − क्ष(१८० − क्ष) ने भागायचं. ही बहुपदी नाही, दोन बहुपदींचं गुणोत्तर आहे. ३० अंश घालून बघा, नेमके १/२ येतात. ९० ला नेमका १. ४५ ला ०.७०५९ येतात, खरी किंमत ०.७०७१. ज्याच्याकडे कॅल्क्युलेटर नव्हता त्याला एवढी अचूकता दोन ओळींत मिळत होती.

चौदाव्या शतकात केरळात माधवांनी अखेरचं पाऊल टाकलं. कोन रेडियनमध्ये क्ष असेल तर साइन म्हणजे क्ष − क्ष³/६ + क्ष⁵/१२० − … अशी न संपणारी श्रेणी. साइन मोजक्या पदांत मावत नाही. पदं संपू दिली नाहीत तरच ते पूर्ण मावतं. पहिली तीनच पदं घेऊन ३० अंशांना किंमत काढली तर ०.५००००२ येते, म्हणजे चूक पाचव्या दशांश स्थळापर्यंत दिसतही नाही. त्याच तीन पदांत ३६० अंश घातले तर शून्य यायला हवं तिथे साडेसेहेचाळीस येतात. हे दोन्ही आकडे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः काढावेत. बहुपदी शून्याजवळ साइनची अचूक नक्कल करते आणि दूर गेल्यावर तिचा मूळ स्वभाव उफाळून येतो, कारण वर किंवा खाली निघून जाणं तिला टाळता येत नाही, आणि साइन −१ आणि १ मधून बाहेर पडत नाही.

१८८५ मध्ये वायरश्ट्रास यांनी सिद्ध केलं की ठरावीक बंदिस्त अंतरावर कोणतंही संतत फलन हव्या तितक्या अचूकतेने बहुपदीने गाठता येतं. मात्र बहुपदी नीट निवडावी लागते. १९०१ मध्ये रुंगे यांनी दाखवलं की १/(१ + २५क्ष²) सारख्या साध्या, गुळगुळीत फलनावर −१ ते १ मध्ये समान अंतरावर बिंदू घेऊन त्यांतून बहुपदी नेली, तर बिंदू वाढवत गेल्यावर ती टोकांजवळ अधिकाधिक बेफाम होते. ठिपके जुळले म्हणजे फलन जुळलं असं नाही. आकडेवारीवरून भाकितं करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवायला हवं. क्षच्या पाच वेगवेगळ्या किमतींना कोणतेही पाच आकडे द्या, चौथ्या कोटीपर्यंतची एक बहुपदी त्यांतून जाणारच. ती गेली हा पुरावा कशाचाच नाही.

चार्ल्स बॅबेज यांच्या फरक-यंत्राची हकिकत चौथ्या प्रकरणात सविस्तर दिली आहे, इथे एवढंच सांगतो. लॉगच्या सारण्यांत माणसांकडून चुका होत, म्हणून नुसत्या बेरजा करणारं यंत्र त्यांनी आखलं: फलनाच्या छोट्या तुकड्याजागी बहुपदी घ्यायची आणि तिचे फरक उलट बेरजेने उलगडत जायचं. त्यांच्या दुसऱ्या यंत्राच्या आराखड्यात सातव्या फरकापर्यंत आणि ३१ अंकांपर्यंत सोय होती. त्यांच्या हयातीत ते बनलं नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये आराखड्याप्रमाणे ते उभं केलं, आणि ते चाललं.

समीकरणं सोडवण्याच्या सूत्रांना या पुस्तकात मी मुद्दाम कमी जागा दिली. वर्गसमीकरणाचं सूत्र दहावीला येतंच. तिसऱ्या आणि चौथ्या कोटीची सूत्रं १५४५ मध्ये कार्दानो यांच्या ग्रंथात छापली गेली, आणि पाचव्या कोटीला मुळांच्या चिन्हांत लिहिलेलं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही हे आबेल यांनी १८२४ मध्ये सिद्ध केलं. ही कथा मोठी आहे आणि तिच्यासाठी स्वतंत्र पुस्तक हवं. इथे आपल्याला मुळं किती असू शकतात, आलेख कुठे वळतो, आणि किती माहिती पुरते, एवढंच बघायचं आहे.

हे पुस्तक नववीपर्यंतचं बीजगणित येणाऱ्या कुणालाही वाचता येईल. त्रिकोणमिती लागेल तिथे ती समजावून दिली आहे, कलनशास्त्र शेवटच्या प्रकरणाआधी कुठेही वापरलेलं नाही. सोबत वही, आलेख-कागद आणि साधा कॅल्क्युलेटर ठेवा. आलेख काढून देणारी मोबाइलवरची अॅप्स चांगली आहेत, पण प्रत्येक प्रकारातला निदान एक आलेख आधी हाताने, ठिपका ठिपका मांडून काढा. शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात बहुपदी कोणत्या आणि कोणत्या नाहीत असं विचाराल तेव्हा मुलांकडून घातांकाखेरीज दुसरं एखादं कारण मागा: मुळं फार झाली, आलेख तुटला, फरक संपेनात, काहीही चालेल. आणि प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही, पण अवयव सिद्धांताचं तिसरं प्रकरण कुणी वगळू नये. पुढची सगळी प्रकरणं त्याच्यावर उभी आहेत.